पाच अक्षरांचा शब्द सापडेना तेव्हा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी पावणेनऊ वाजले असतील. दवाखान्याची शटर नुकतीच वर गेली होती आणि कंपाउंडर अजून उदबत्ती लावत होता. तेवढ्यात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा आमच्या सरांना मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन आला. सर म्हणजे इंग्रजीचे निवृत्त शिक्षक, वय ७८. आठवीत मला 'रेन अँड मार्टिन' त्यांनीच शिकवले. चार लोकांत मला 'डॉक्टर' म्हणतात आणि एकटे असले की 'अरे' म्हणतात.

मुलगा म्हणाला, "डॉक्टर, सर फोन घेऊन दुकानात आले. म्हणाले, ह्याचा चष्मा बिघडलाय, दुरुस्त कर. बोट कळफलकावर ठेवून चष्मा म्हणत होते. फोन तर ठीक आहे. मला वाटलं, सरांचंच काहीतरी बिनसलंय."

त्या मुलाचे शिक्षण दहावीपर्यंत झाले आहे. त्या दिवशी त्याने जे निदान केले, ते मी एकदा चुकवले होते. ते पुढे सांगतोच.

आधी तो फोन काय होता ते सांगायला हवे. सरांना रोज सकाळी चहानंतर 'वर्डल' नावाचा इंग्रजी शब्दखेळ खेळायची सवय आहे. पुण्याची लेकही तोच खेळ खेळते आणि दोघे एकमेकांना निकाल पाठवतात. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द लपवलेला असतो आणि तो ओळखायला सहा संधी मिळतात. तुम्ही पाच अक्षरी शब्द लिहायचा. अक्षर बरोबर जागी असेल तर चौकोन हिरवा होतो, शब्दात आहे पण जागा चुकली असेल तर पिवळा, आणि शब्दात नसेलच तर करडा. जगभर सर्वांना दिवसाला एकच शब्द. जॉश वॉर्डल या संगणक अभियंत्याने तो आपली जोडीदार पलक शाह हिच्यासाठी बनवला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वांना खुला केला. जानेवारी २०२२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो विकत घेतला. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द सुमारे बारा हजार भरतात, पण त्यांतले बरेचसे कोणी कधी ऐकलेले नसतात. पलकने ते एकेक पाहून सुमारे अडीच हजार ओळखीचे शब्द निवडले आणि उत्तरे त्यांतूनच ठेवली गेली. सर या निवडीचे फार कौतुक करतात. म्हणतात, पेपर काढणारा असा असावा, मुलांना अडवण्यासाठी पेपर काढू नये.

या खेळाचा एक नियम आमच्या गोष्टीत महत्त्वाचा आहे. अर्थ नसलेली पाच अक्षरे लिहिली तर खेळ ती घेतच नाही, 'हा शब्द यादीत नाही' असे सांगतो. त्या सकाळी सव्वासहाला सरांनी काकूंशी नीट बोलत चहा घेतला. साडेसहाला फोन हातात घेतला. एक शब्द लिहिला, यादीत नाही. दुसरा लिहिला, तोही नाही. असे तासभर चालले. आपण लिहितो ते शब्दच नाहीत, हे सरांच्या लक्षात येईना. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांची स्पेलिंगे तपासली त्यांना वाटले, फोन बिघडला. काकूंना ते काहीतरी पुटपुटले. काकूंना वाटले, खेळात हरले म्हणून चिडले आहेत. मग सर चालत बाजारात गेले आणि दुकान उघडण्याची वाट पाहत पायरीवर बसले.

वाचकहो, लक्षात घ्या. सर चालत गेले. तोंड वाकडे नव्हते, हातपाय लुळे नव्हते, शुद्ध हरपली नव्हती. आपल्याकडे लकवा म्हटला की वाकडे तोंड आणि लोंबणारा हात एवढेच डोळ्यांपुढे येते. पण मेंदूच्या ज्या भागाची रक्तवाहिनी बंद होते त्या भागाचे काम थांबते. तो भाग फक्त भाषेचा असेल, तर बिघाडही फक्त भाषेत दिसतो. याला वाचाघात म्हणतात.

मी खिशातले पेन दाखवून विचारले, "सर, हे काय?" म्हणाले, "ते... लिहायचं." घड्याळ दाखवले, तर "वेळ... वेळेची..." आणि गप्प. डोळे मिटा म्हटले, तर मिटले. उजवा हात वर करा म्हटले, तर केला. माझ्यामागून एक वाक्य म्हणा म्हटले, तर दोन शब्दांनंतर गाडी रुळावरून घसरली. बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासली, ती १३२ निघाली. हे आधी करावेच लागते, कारण साखर एकदम खाली गेली तरी माणूस असाच बरळतो. रक्तदाब होता १७०/१००.

इथे एक गोष्ट आमच्याच व्यवसायबंधूंनाही हात जोडून सांगतो. अशा वेळी रक्तदाब झटकन उतरवण्यासाठी जिभेखाली कॅप्सूल फोडण्याची जुनी पद्धत होती. मीही ती तरुणपणी केली आहे. ती करू नये. रक्त अडलेल्या मेंदूला त्या दाबाचाच आधार असतो, आणि तो एकदम पाडला तर उरलासुरला पुरवठाही आटतो. किती उतरवायचा आणि कधी, ते रुग्णालयात ठरवतात. घरच्यांनीही अ‍ॅस्पिरिनची गोळी चघळायला देऊ नये. हृदयविकारात ती चालते, पण मेंदूत गुठळी झाली आहे की रक्तस्राव, हे सी. टी. स्कॅन केल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळणार नाही. पाणी, चहा, लिंबू-साखर काहीही पाजू नये, कारण गिळणे बिघडलेले असेल तर ते फुप्फुसात जाते. कांदा हुंगवू नये हे सांगावे लागू नये, पण सांगावे लागते.

गुठळी असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन निघाल्याला बरीच वर्षे झाली. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात ते तीन तासांच्या आत दिल्यास उपयोग होतो हे दिसले. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवता येते हे सिद्ध झाले. काही निवडक रुग्णांत तारेने गुठळी बाहेर काढतात आणि त्याला अधिक वेळ मिळू शकतो, पण ती सोय मोठ्या शहरांतच आहे. वेळ मोजायची ती रुग्ण शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून. म्हणजे सरांच्या बाबतीत सव्वासहापासून, आणि मुदत पावणेअकराला संपणार. मोठी रक्तवाहिनी बंद पडली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला आहे. आपल्या एका गुटख्याच्या टपरीवरच्या गप्पांत किती कोटी जात असतील, याचा विचार करावा.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी फोन केला, स्कॅनची तयारी ठेवायला सांगितले आणि सरांना गाडीत बसवले. नऊला गाडी निघाली, दहाला पाच कमी असताना पोचली. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. १० वाजून ३५ मिनिटांनी इंजेक्शन सुरू झाले.

आता ती जुनी गोष्ट. साधारण २००४ साल असेल. बाजारात भाजी विकणाऱ्या एका बाईंना घरचे घेऊन आले. सकाळपासून माणसांची नावे चुकवते, कोथिंबिरीला पैसे म्हणते, पैशांना लेक म्हणते, असे त्यांचे म्हणणे. सासू म्हणत होती, बाहेरचे काहीतरी लागले. मी सासूला हसलो. मग मी काय केले? हातपाय पाहिले, ते चांगले होते. जीभ पाहिली. 'अशक्तपणा आहे, ऊन लागले असेल' म्हणून बी-कॉम्प्लेक्सचे इंजेक्शन दिले आणि उद्या या म्हटले. तिसऱ्या दिवशी त्यांचा उजवा हात आणि पाय गेला. गुठळी विरघळवणारे औषध तेव्हा आमच्या जिल्ह्यात मिळत नव्हते, हे खरे. पण त्याच दिवशी पुढे पाठवले असते, स्कॅन होऊन योग्य गोळ्या सुरू झाल्या असत्या, तर दुसरा मोठा झटका कदाचित टळला असता. त्यानंतर त्या सात वर्षे जगल्या. सगळ्या गोष्टींना एकच शब्द म्हणत: 'बाई'. भूक लागली तरी बाई, नातू आला तरी बाई. आवाजाच्या चढउतारावरून घरच्यांना कळायचे. सासू शेवटपर्यंत म्हणायची, डॉक्टर हसला होता.

असाच एक रुग्ण वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात एक माणूस वर्षानुवर्षे 'तान' एवढेच बोलत असे. सगळे त्याला त्याच नावाने ओळखत. १८६१ मध्ये तो वारला तेव्हा पॉल ब्रोका या शल्यवैद्याने त्याचा मेंदू तपासला आणि डाव्या बाजूला पुढच्या भागात जखम आढळली. बोलणे मेंदूच्या एका ठरावीक जागी बसते, हे तेव्हापासून जगाने मान्य केले. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके याने आणखी मागची जागा दाखवली. ती बिघडली तर माणूस भराभरा बोलतो, पण शब्द भलतेच येतात. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेक माणसांत ही दोन्ही ठिकाणे डाव्या अर्ध्यात असतात.

आता तुम्ही विचाराल, "डॉक्टर, शब्द तर आम्हांलाही आठवत नाहीत. शेजाऱ्याच्या जावयाचे नाव ओठावर असते पण येत नाही. तो लकवाच का?" नाही. १९६६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅक्नील यांनी या 'ओठावर अडलेल्या' शब्दांचा अभ्यास केला. त्यांनी विद्यार्थ्यांना अवघड इंग्रजी शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या आणि शब्द विचारला. ज्यांचा शब्द अगदी ओठावर अडला होता, त्यांना पुष्कळदा त्याचे पहिले अक्षर माहीत होते आणि तो किती उच्चारखंडांचा आहे हेही सांगता येत होते! म्हणजे शब्द हरवलेला नसतो. अर्थाची खोली उघडते, तिथून आवाजाच्या खोलीत जायचे दार अडकते, आणि फटीतून शब्दाचे माप आणि पहिले टोक दिसते. शब्दकोडी आणि वर्डल हे नेमके त्याच फटीतून चालणारे खेळ आहेत: इतक्या लांबीचा, अमुक अक्षर असलेला शब्द शोधा. वय वाढले की हे दार वरचेवर अडकते, विशेषतः माणसांच्या नावांच्या बाबतीत. थोड्या वेळाने, बहुधा आंघोळ करताना, नाव आपोआप आठवते. ते आठवले म्हणजे काळजी नाही.

काळजी करायची ती दोन प्रकारांत. एक म्हणजे अचानक. मिनिटापूर्वी नीट बोलणारा माणूस एकदम अडखळू लागला, भलते शब्द बोलू लागला, दुसऱ्याचे बोलणे त्याला कळेनासे झाले, तर तो झटका समजावा. दहा मिनिटांत बरे वाटले तरी त्याच दिवशी दाखवावे. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो. दुसरा प्रकार हळूहळू येणारा. महिन्यामहिन्याने शब्द कमी होत जातात, रोजच्या वस्तूंना 'ते', 'तसलं', 'हे' म्हटले जाते, तोच प्रश्न तासाभरात चारदा विचारला जातो. इथे स्मृतिभ्रंशाचा विचार करावा लागतो, पण त्याआधी थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व, रक्तातले सोडियम, झोपेच्या गोळ्या, मनाची उदासी आणि बहिरेपण एवढे तपासायलाच हवे. यांतले बरेच काही सुधारता येते. शुद्ध शाकाहारी आजीबाईंना बी-१२ दिल्यावर त्या पुन्हा सुनांना नावानिशी हाक मारू लागल्याचे मी पाहिले आहे. सुनांना त्याचा आनंद झाला की नाही, ते विचारले नाही.

यासाठी आम्ही डॉक्टरही अक्षरांचे खेळ वापरतो. १९७५ पासून जगभर चालणाऱ्या एका चाचणीत 'वर्ल्ड' हा पाच अक्षरी इंग्रजी शब्द उलटा सांगायला लावतात: डी, एल, आर, ओ, डब्ल्यू. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माँट्रियलच्या चाचणीत 'एफ'ने सुरू होणारे शब्द एका मिनिटात सांगायचे असतात. अकरा आले तर ठीक. आता हे आमच्या गावातल्या आजीला कसे विचारणार? जी शाळेत गेली नाही तिला 'वर्ल्ड' सुलटाही येणार नाही, आणि ते काही आजाराचे लक्षण नव्हे. हरियाणातल्या बल्लभगढ भागात १९९०च्या दशकात निरक्षर वृद्धांसाठी हीच चाचणी हिंदीत बदलून घेतली, तेव्हा शब्द उलटा विचारण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे विचारले. शनिवार, शुक्रवार, गुरुवार... हे आपल्या आजीला जमते.

आपल्या लिपीचाही एक घोळ आहे. इंग्रजी शब्दाची अक्षरे सुटी सुटी असतात, आपली जोडून येतात. 'स्वातंत्र्य' मराठी कोड्याच्या तीन चौकोनांत बसते. 'क'पासून शब्द सांगा म्हटले की कोणी कपाट, कमळ, कणीक एवढ्यावर थांबतो, तर कोणी काका, किल्ली, कुदळ, कोयता अशी बाराखडीच काढतो. दुसऱ्याची बुद्धी जास्त असे नाही, पहिल्याने नियम कडक धरला इतकेच. म्हणून मी आपला जुना 'नाव-गाव-फळ-फूल' वापरतो. ज्यांना लिहिता-वाचता येते त्यांना अक्षर देतो. ज्यांना येत नाही त्यांना म्हणतो, एका मिनिटात भाज्यांची नावे सांगा. अल्झायमरच्या रुग्णात अक्षरावरून शब्द काढण्यापेक्षा अशी वर्गातली नावे काढणे सहसा आधी आणि जास्त ढासळते, म्हणून ही चाचणी उपयोगाचीही आहे. मात्र भाजीवाल्या बाईला भाज्या विचारू नयेत, ती मिनिटात मंडई रिकामी करते. तिला गावांची नावे विचारावीत. आणि एका मिनिटाच्या खेळावरून घरच्या घरी आईबापांवर शिक्का मारू नये, ते काम तपासणीनंतरचे.

शब्दकोडी सोडवून स्मृतिभ्रंश टळतो का, हा मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. सांगतो. २००३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ७५ वर्षांवरील ४६९ वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचन करणारे, पटावरचे खेळ खेळणारे, वाद्य वाजवणारे आणि नाच करणारे यांच्यात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी दिसले. पण खेळामुळे मेंदू टिकला, की मेंदू टिकला म्हणून खेळ चालू राहिला, हे अशा अभ्यासातून ठामपणे सांगता येत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत विसराळूपणा सुरू झालेल्या १०७ जणांत शब्दकोडी आणि संगणकावरचे 'मेंदूचे खेळ' यांची तुलना झाली. ७८ आठवड्यांनंतर कोडी सोडवणाऱ्यांची स्थिती थोडी बरी निघाली. अभ्यास लहान होता, तरी निकाल गमतीचा आहे, कारण महागडे खेळ मागे पडले. 'मेंदू तल्लख करतो' अशी जाहिरात करणाऱ्या एका अमेरिकन कंपनीला २०१६ मध्ये पुराव्याविना दावे केल्याबद्दल वीस लाख डॉलर मोजावे लागले, हेही लक्षात असू द्यावे.

आपल्याला अधिक जवळचा अभ्यास हैदराबादचा आहे. डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाला होता, आणि हा फरक निरक्षरांतही दिसला. म्हणजे घरी अहिराणी, बाजारात मराठी आणि दुकानदाराशी हिंदी बोलणारी आपली आजी कोडे न सोडवताही काहीतरी व्यायाम करतेच आहे.

पण खरे सांगू? २०२४ मध्ये 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ समितीने स्मृतिभ्रंशाची चौदा टाळता येण्याजोगी कारणे सांगितली आणि ती सगळी दूर केली तर जवळजवळ ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा आजार लांबेल असा अंदाज दिला. त्यांत रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, तंबाखू, बहिरेपण, नजर, एकटेपण आहे. शब्दकोडे त्या यादीत नाही. सरांनाही मी हेच ऐकवले. ते रोज वर्डल सोडवत होते आणि 'आता बरं वाटतंय' म्हणून रक्तदाबाची गोळी दोन महिने बंद करून बसले होते. मला हे कळले ते जिल्ह्याला जाताना गाडीत, काकूंकडून.

सर नवव्या दिवशी घरी आले. शब्द एकदम परतले नाहीत. गंमत म्हणजे सुरुवातीला 'फ्रायडे' येई आणि 'शुक्रवार' येत नसे. 'आई' येई आणि 'मदर' येत नसे. कोणती भाषा कुठल्या दाराने परतेल याचा नेम नव्हता. वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी चित्रे दाखवून, पहिले अक्षर सांगून शब्द काढून घेतले. काकूंनी रोज दुपारी 'नाव-गाव-फळ-फूल' लावले. लेक संध्याकाळी फोनवर तीन अक्षरी इंग्रजी शब्द विचारी. कॅट, पेन, सन. ज्यांनी आम्हांला मिल्टन शिकवला ते 'पेन'वर अडून रडले, तेव्हा मी तिथे होतो. पाचव्या महिन्यात चार अक्षरी शब्द यायला लागले. सातव्या महिन्यात त्यांनी वर्डल पुन्हा उघडले आणि सहाव्या संधीला जमवले.

आता घरात एक नवा नियम आहे. आठ वाजेपर्यंत सरांचे हिरवे-पिवळे चौकोन पुण्याला पोचले नाहीत तर लेक काकूंना फोन करते. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत शिकागोजवळ ८० वर्षांच्या एका बाईंना घुसखोराने घरात कोंडून ठेवले होते. त्यांनी रोजचा वर्डलचा निकाल पाठवला नाही, म्हणून मुलीला शंका आली आणि पोलिसांनी त्यांना सोडवले. लेकीने ती बातमी वाचली होती. त्या सकाळीही सरांचे चौकोन आले नाहीत हे तिच्या लक्षात आले होते. पण वडील झोपले असतील असे म्हणून ती ऑफिसला गेली.

परवा सर तपासणीला आले. रक्तदाब १३४/८२. गोळ्यांची पाकिटे मोजून पाहिली, बरोबर होती. त्या दिवशीचा शब्द कोणता होता ते लेकीला माहीत आहे, कारण तिने तो चौथ्या संधीला सोडवला होता. सर तिला म्हणाले आहेत, सांगू नकोस.